वस्तीतल्या मुलांना पैशाचा व्यवहार शिकवायचा आहे : स्वयंसेवक कोण असावेत आणि सुरुवात कशापासून करावी?

ग्रंथपाल_नंदनवन यांचा प्रश्न

सर्व सदस्यांना नमस्कार.

नागपूरच्या नंदनवन-हसनबाग भागात आमचे एक लहान सार्वजनिक वाचनालय असून त्याला जोडूनच अभ्यासिका चालते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मोठी मुले तेथे दिवसभर बसतात आणि संध्याकाळी आठवी ते अकरावीतली पंचवीस-तीस मुले-मुली येतात. त्यांच्यापैकी बहुतेकांचे आईवडील कळमन्याच्या बाजारात हमाली करतात, इतवारीतल्या दुकानांत कामाला आहेत, ऑटो चालवतात किंवा घरकाम करतात. घरात पैसा रोज किंवा आठवड्याला येतो आणि तसाच जातो. मुलांना चक्रवाढ व्याजाचे सूत्र पाठ असते. मात्र घरी हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलसाठी एकूण किती रुपये मोजले, हे विचारल्यास एकालाही सांगता येत नाही. त्यातच अकरावीतल्या काही मुलांना मोबाइलवर शेअर बाजारातील ‘ऑप्शन्स’चे, म्हणजे भाव पुढे चढेल की उतरेल यावर केलेल्या जोखमीच्या सौद्यांचे, चित्रफितींमधून वेड लागले आहे आणि अठरा वर्षे पूर्ण होताच खाते उघडण्याची त्यांची तयारी सुरू आहे.

म्हणून दर शनिवारी संध्याकाळी पैशाचा व्यवहार आणि छोट्या धंद्याची ओळख करून देणारा वर्ग सुरू करावा, असे समितीने ठरवले आहे. मानधन कोणालाच मिळणार नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी, सी.ए.ची आर्टिकलशिप करणारी एक तरुणी, किराण्याचे एक ठोक व्यापारी, बचत गटाच्या एक अध्यक्षा आणि एक विमा प्रतिनिधी अशा पाच जणांनी स्वतःहून नावे दिली आहेत. अडचण अशी की या पाचांचे आपसात एकमत नाही. निवृत्त अधिकाऱ्यांना बँक, व्याज, विमा, कर या क्रमाने पाठ घ्यायचे आहेत. व्यापाऱ्यांच्या मते फळ्यावर धंदा शिकवता येत नाही, त्यामुळे मुलांना प्रत्यक्ष काहीतरी विकायला लावावे आणि सुट्टीत त्यांच्या दुकानात बसवावे. तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान मुलांचा सण, जवळ येत असल्याने कोरे लाकडी नंदी आणून, रंगवून, सजवून विकण्याची कल्पना मुलांनीच काढली आहे. काही पालक मात्र ‘शिकायच्या वयात पैशाचा नाद नको’ असे म्हणत आहेत.

विमा प्रतिनिधींचा हेतू चांगला असेलही, तरी वर्गाच्या निमित्ताने तीस घरांचे पत्ते त्यांच्या हाती जातील, याची मला धास्ती वाटते. खऱ्या पैशाने व्यवहार करू द्यावा का, स्वयंसेवकांसाठी कोणते नियम असावेत आणि पहिल्या काही शनिवारी नेमके काय घ्यावे, याविषयी अनुभवी सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त_रोखपाल यांचे उत्तर

ग्रंथपाल महोदय, मी आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे बसलो असल्यामुळे आपल्या निवृत्त अधिकाऱ्यांची बाजू घेईन, अशी अपेक्षा असेल. तथापि ‘बँक म्हणजे काय’ या पाठाने सुरुवात केल्यास दुसऱ्या शनिवारी निम्मी मुले येणार नाहीत. ज्या मोबाइलच्या हप्त्याचा आपण उल्लेख केला, तेथूनच सुरुवात करावी.

समजा, १२,००० रुपयांचा मोबाइल ‘फक्त १२ टक्के व्याजाने’ वर्षभराच्या हप्त्यांवर दिला. दुकानदार १२,००० वर १,४४० रुपये व्याज लावतो, बेरजेला बाराने भागतो आणि महिन्याला १,१२० रुपयांचा हप्ता सांगतो. वरवर पाहता हिशेबात काहीच चूक दिसत नाही. परंतु पहिला हप्ता भरल्यानंतर मुलाकडे पूर्ण १२,००० रुपयांचे कर्ज उरलेले नसते आणि सहा हप्त्यांनंतर तर साधारण निम्मेच उरते. व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर धरलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब मांडला तर हाच दर वर्षाला २१ टक्क्यांच्या वर जातो, आणि त्यात प्रक्रिया शुल्क मिळवले की आणखी चढतो. हा तक्ता मुलांनी स्वतः बारा ओळींत मांडावा, स्वयंसेवकाने फळ्यावर सोडवून देऊ नये. दहावीच्या मुलाला यासाठी लागणारे गणित येते. हे गणित आपल्या घरातल्या कागदाला लागू पडते, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

यानंतर मुलांना सांगावे की १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ मुदत कर्ज देताना ग्राहकाला मुख्य बाबींचे एक पत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे आणि त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. कर्जाच्या सहीआधी ते पत्रक मागून घ्यायला शिकलेले मूल घरातल्या मोठ्यांच्याही उपयोगी पडते.

खात्याबद्दल सांगायचे तर, दहा वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खाते उघडू आणि चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. रकमेची मर्यादा, एटीएम कार्ड आणि इतर सोयी प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरवते. अज्ञान (अठरा वर्षांखालील) व्यक्तीच्या खात्यात जमेपेक्षा जास्त उचल मात्र होऊ द्यायची नाही, असा दंडक आहे. मुलांना गटागटाने जवळच्या शाखेत न्यावे, जमा पावती त्यांना स्वतः भरू द्यावी. बँकेच्या माणसाला वर्गात बोलावले तर तो भाषण करतो, शाखेत गेल्यावर काम दाखवतो, हा फरक मी आतून पाहिलेला आहे. माझ्या पिढीच्या शाळांत ‘संचयिका’, म्हणजे मुलांची बचत बँक, असे आणि मुलेच तिचे रोखपाल होत. आठ आण्यांची नोंद चुकली तरी बाई सगळ्यांना थांबवून घेत. तो प्रकार अभ्यासिकेत छोट्या प्रमाणावर पुन्हा करता येईल.

आणखी एक मुद्दा आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाचा आहे. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते आणि फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, मुद्दल व व्याज धरून ५ लाख रुपये आहे. सहकारी बँकांनाही ते लागू आहे. सहकारी पतसंस्थांना नाही. पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द दिसला की दोन्ही एकच, असा समज घरोघरी असतो, आणि दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्तीची पुंजी पतसंस्थेत ठेवणारे लोक मला दर आठवड्याला भेटत असत. मोहल्ल्यातली भिशी तर या सगळ्याच्या बाहेर आहे. तिच्यावर टीका करू नये, कारण अनेक घरांची लग्ने तिच्यावर पार पडलेली आहेत. पण भिशी चालवणारा उद्या घर बदलून गेला तर तक्रार कोणत्या कागदाच्या आधारे करायची, एवढा प्रश्न मुलांना जरूर विचारावा.

बचतगट_लेखनिक यांचे उत्तर

दादा, आपल्या यादीतल्या अध्यक्षाताईंना आपण चौथ्या क्रमांकावर ठेवले आहे. मी त्यांना पहिल्या क्रमांकावर ठेवले असते, आणि याचे कारण केवळ आपुलकी नाही.

नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली. तिच्यात पुढे आलेल्या बायकांपैकी कित्येकींचे शिक्षण चौथीपर्यंतही नव्हते. तरीही गट टिकले, कारण पैसा सगळ्यांच्या देखत मोजला जातो, रक्कम मोठ्याने वाचली जाते, ज्या बाईला वाचता येत नाही तिलाही शिल्लक तोंडपाठ असते आणि कर्ज कोणाला द्यायचे हे बैठकीत ठरते. मुलांच्या वर्गातही हीच शिस्त असावी. प्रत्येक शनिवारी सुरुवातीला मागील शिल्लक वाचावी, पेटी उघडावी, मोजावी, वहीशी ताळा जुळवावा आणि जुळला नाही तर पुढचा विषय घेऊच नये. पेटीची किल्ली एका मुलीकडे, वही दुसऱ्या मुलाकडे, आणि दर महिन्याला दोघे बदलायचे. हे काम सी.ए. होणाऱ्या ताईंनी पाहावे. त्यांना यातली चूक आपल्यापेक्षा लवकर दिसेल.

स्वयंसेवकाच्या ज्ञानापेक्षा त्याच्या नियमित येण्याला जास्त महत्त्व द्यावे, असे मला वाटते. मोठ्या पदावरचा माणूस एकदा येतो, फोटो निघतो आणि मुले पुढच्या आठवड्यात त्याची वाट पाहत बसतात. निदान एक सत्रभर येण्याचे कबूल करणाऱ्यालाच घ्यावे. मुलींचा विचार करता आणखी काही गोष्टी आपण लेखी ठरवाव्यात : वर्गात कायम दोन प्रौढ असावेत आणि त्यांपैकी एक स्त्री असावी, कोणत्याही स्वयंसेवकाने मुलाला एकट्याने दुकानात, घरी किंवा गाडीवर नेऊ नये, मुलांचे खासगी मोबाइल क्रमांक मागू नयेत, निरोप पालकांच्या गटावर द्यावेत. ओळखीची माणसे आहेत म्हणून हे टाळू नये. नियम सगळ्यांना सारखा असला की कोणाला वाईट वाटण्याचे कारण राहत नाही.

पालकांच्या ‘पैशाचा नाद नको’ या बोलण्यामागे बहुधा वेगळीच भीती असते. मूल कमवायला लागले की शाळा सुटते, हे त्यांनी आपल्याच घरात पाहिलेले असते. त्यांना पहिल्या बैठकीला बोलवा आणि नफा मुलांच्या हातात रोख जाणार नाही, हे स्पष्ट सांगा.

इतवारी_ठोकविक्रेता यांचे उत्तर

मी आपल्या यादीतला व्यापारी नाही, तरी त्यांच्या म्हणण्याशी बव्हंशी सहमत आहे. नंदीची कल्पना उत्तम आहे, कारण त्यात धंद्याची सगळी दुखणी एका महिन्यात दिसून येतात. मी आकडे धरून दाखवतो. प्रत्यक्ष भाव मुलांनी महाल-इतवारीत फिरून काढावेत.

समजा, तीस मुलांनी प्रत्येकी ५० रुपये भाग म्हणून दिले. भांडवल १,५०० रुपये झाले. ६० रुपयांचा एक असे वीस कोरे नंदी १,२०० रुपयांना आले, रंग-ब्रश-गोटा-घुंगरू यांना २४० लागले आणि ऑटोचे भाडे ६० झाले. म्हणजे एक नंदी ७५ रुपयांना पडला. मुले १०० रुपये किंमत ठेवतील आणि वीस गुणिले पंचवीस असा पाचशे रुपये नफा लगेच वहीत लिहितील. तसे त्यांना लिहू द्यावे.

आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय होते ते पाहा. सकाळपर्यंत चौदा नंदी शंभराने गेले. दुपारी शहर मारबतीची मिरवणूक पाहायला गेले, रस्ते बंद झाले, गिऱ्हाईक फिरकले नाही. संध्याकाळी लहान मुले नंदी घेऊन बोजारा (सणाची ओवाळणी) मागायला घरोघर निघाली, तेव्हा ज्यांना घ्यायचा होता त्यांनी आधीच घेतलेला होता; उरलेल्यांपैकी तीन कसेबसे पन्नासने गेले आणि तीन तसेच राहिले. एकूण विक्री १,५५० रुपये. पाचशेचा नफा पन्नासवर आला आणि भागामागे १ रुपया ६६ पैसे सुटले. त्यातही दोन नंदी शेजारच्या काकूंनी उधारीवर नेलेले असल्यामुळे पेटीत १,३५० रुपयेच आहेत. वही नफा दाखवते आहे आणि पेटीत भांडवलही पुरे नाही. नफा वेगळा आणि गल्ल्यातली रोकड वेगळी, हे कॉलेजात तीन वर्षे कॉमर्स शिकलेल्या मुलांना मी दुकानावर समजावून थकलेलो आहे. इथे आठवीच्या मुलाला ते एका संध्याकाळी कळेल. दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी का लावतात, हेही त्याला कोणी सांगावे लागणार नाही.

मुलांनी रंगवण्यात घालवलेल्या वेळाची मजुरी या हिशेबात कोठेच धरलेली नाही, ही गोष्ट त्यांनीच शोधून काढली तर फार चांगले. नाही काढली तर सगळे संपल्यावर विचारावे.

माझी एकच अट आहे. तोटा झाला तर समितीने किंवा एखाद्या दानशूर व्यापाऱ्याने तो गुपचूप भरून देऊ नये. पन्नास रुपयांच्या भागातले दहा बुडाले तर बुडू द्यावेत. ज्या मुलाला पन्नास रुपये देणे शक्य नाही, त्याने दहाचा भाग घ्यावा आणि त्या प्रमाणात वाटा घ्यावा. भागाची रक्कम कमी-जास्त असणे हेही शिकण्यासारखेच आहे.

अर्थशास्त्र_अध्यापक यांचे उत्तर

वरील तिन्ही उत्तरे वाचल्यावर काही पूरक आणि काही सावधगिरीच्या गोष्टी मांडतो.

इतवारीच्या सदस्यांनी वर्णन केलेली पद्धत जुनी आणि कसोटीला उतरलेली आहे. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथे १९१९ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्युनियर अचीव्हमेंट’ या संस्थेने मुलांच्या छोट्या कंपन्यांचा प्रयोग रूढ केला : मुले भाग विकून भांडवल उभारतात, वस्तू तयार करतात, विकतात, हिशेब भागधारकांपुढे ठेवतात आणि शेवटी कंपनी गुंडाळून पैसे वाटून देतात; व्यवसायातले स्वयंसेवक फक्त सल्ला देतात. यातील ‘गुंडाळणे’ आपल्याकडे हमखास विसरले जाते. नंदीचा व्यवहार तान्ह्या पोळ्यानंतर पंधरवड्याच्या आत पूर्ण बंद करावा, नाही तर उरलेले पैसे कोणाचे, यावरून वर्षभर कुरबुर चालते. आपल्या जवळचे उदाहरण हवे असल्यास, मुंबईत १९९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘मेळजोल’ संस्थेच्या कामातून ‘अफलातून’ हा उपक्रम वाढला आणि २००५ पासून तो आंतरराष्ट्रीय संस्थेच्या रूपाने अनेक देशांत पोहोचला. त्यात बचतीबरोबर मुलांचे हक्क आणि जबाबदाऱ्याही शिकवल्या जातात, त्यामुळे पालकांची ‘पैशाचा नाद’ ही शंका दूर करायला त्याची मांडणी उपयोगी पडेल.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्र नसते, म्हणून खरेदी, पावत्या आणि पैसे ठेवण्याची जबाबदारी वाचनालयाच्या नावावर असावी आणि ‘कंपनी’ हा शब्द वर्गापुरताच ठेवावा. दुकानात बसवण्याची सूचना मात्र मला मान्य नाही. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीनंतर घरच्या व्यवसायातील शाळेनंतरची मदत यांसारखे मोजके अपवाद वगळता पूर्ण बंदी आहे. आठवीतली मुले त्या वयोगटात मोडू शकतात. गटाने, स्वयंसेवकासह, तासाभरासाठी दुकानाचे काम पाहायला जाणे वेगळे आणि गल्ल्यावर बसणे वेगळे.

आता मुख्य सावधगिरी. आर्थिक शिक्षणाविषयीच्या २०१ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा शिक्षणामुळे लोकांच्या प्रत्यक्ष आर्थिक वर्तनातल्या फरकाचा जेमतेम ०.१ टक्का भाग स्पष्ट होतो आणि काही काळाने तोही परिणाम विरतो, असे त्यात आढळले. नंतर झालेल्या, केवळ यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या) प्रयोगांवर आधारलेल्या आढाव्याचा निष्कर्ष बराच आशादायक आहे, त्यामुळे हात टेकण्याचे कारण नाही. पण जे ज्ञान लगेच वापरायचे आहे तेच टिकते, हे पहिल्या आढाव्याचे म्हणणे मला अध्यापनातून पटलेले आहे. आठवीच्या मुलाला निवृत्तिवेतन योजना समजावणे व्यर्थ आहे. त्याला यूपीआयने पैसे ‘घेण्यासाठी’ पिन कधीच टाकावा लागत नाही आणि फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या मदत क्रमांकावर कळवायचे असते, हे आज उपयोगाचे आहे. अकरावीच्या मुलांना ऑप्शन्सविषयी उपदेश करू नये. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्यांच्यापुढे ठेवावा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. चित्रफितीत उरलेले सात टक्केच का दिसतात, यावर मुलांना आपसात वाद घालू द्यावा.

विमा प्रतिनिधींबाबत आपली धास्ती रास्त आहे आणि ती केवळ त्यांच्यापुरती ठेवू नये. बँकेचा माणूस खाती मोजतो, शिकवणीवाला विद्यार्थी मोजतो, आमच्यासारखे प्राध्यापक कधीकधी अहवालासाठी फोटो मोजतात. प्रत्येक स्वयंसेवकाने लिहून द्यावे की तो वर्गातील मुलांना किंवा त्यांच्या कुटुंबांना वर्ग चालू असताना आणि त्यानंतर वर्षभर कोणतेही आर्थिक उत्पादन विकणार नाही, त्याची शिफारस करणार नाही आणि वर्गात कोणत्याही कंपनीच्या नावाचे साहित्य वाटणार नाही. साहित्य हवेच असेल तर रिझर्व्ह बँकेच्या पुस्तिका मराठीत आहेत. रिझर्व्ह बँक, सेबी, विमा नियामक आणि निवृत्तिवेतन नियामक या चौघांनी मिळून उभारलेल्या राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राचे साहित्यही मोफत मिळते.

ग्रंथपाल_नंदनवन यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल समितीची बैठक झाली आणि आपली उत्तरे तेथे वाचून दाखवली.

पहिल्या शनिवारी मोबाइलच्या हप्त्याचा तक्ता आणि त्यानंतर नंदीचा व्यवहार, असा क्रम ठरला आहे. भाग दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत असेल. पेटी आणि वही अध्यक्षाताई आणि सी.ए. होणाऱ्या ताई यांच्या देखरेखीखाली मुलांकडे राहील. दुकानात बसवण्याचा विचार सोडून दिला आहे आणि आमच्या व्यापाऱ्यांनी, थोडे नाराज होऊन का होईना, ते मान्य केले. निवृत्त अधिकारी बँकेच्या शाखेशी बोलणार आहेत, आणि ठेव विम्याचा पाठ आपल्याला आधी का सुचला नाही, असे ते दोनदा म्हणाले. विक्री न करण्याचे हमीपत्र चौघांनी तेथेच सही करून दिले. विमा प्रतिनिधींनी ते घरी नेले असून विचार करून कळवतो, असे सांगितले आहे. त्यांची सही येईपर्यंत त्यांना वर्ग द्यायचा नाही, असा ठराव झाला.

एक शंका राहिली आहे. कोरे नंदी नेमके केव्हा घ्यावेत? सणाच्या तोंडावर भाव चढतात, हे खरे. पण फार आधी घेतले तर पावसाळ्यात लाकूड दमट राहून रंग नीट धरणार नाही, असे एका पालकांचे म्हणणे आहे. ते स्वतः सुतारकाम करतात.

इतवारी_ठोकविक्रेता यांचे उत्तर

सुतारकाम करणाऱ्या पालकांचे ऐकावे, आणि शक्य असल्यास त्यांनाच सहावे स्वयंसेवक करावे. लाकडाची पारख आम्हा किराणावाल्यांना नाही. पोळ्याच्या साधारण तीन आठवडे आधी माल घेतला तर भाव आवाक्यात असतो आणि सुकवून रंगवायला वेळही पुरतो. एकाच दुकानातून सगळे वीस घेऊ नयेत. आधी पाच घ्यावेत, रंगवून पाहावेत, शेजारीपाजारी दाखवून किती जण खरोखर पैसे द्यायला तयार आहेत याचा अंदाज घ्यावा आणि मगच उरलेले किती आणायचे, ते मुलांनी बैठकीत ठरवावे. खरेदीला दोन मुले, दोन मुली आणि आपल्यापैकी दोन मोठी माणसे, एवढेच यावेत. भाव मुलांनीच करावा. मला एक दिवस आधी कळवल्यास मी सोबत येईन, पण घासाघीस चालू असताना मध्ये बोलणार नाही. पावती मात्र वाचनालयाच्या नावाने, जागेवरच लिहून घ्यावी.